पंजदेहची लढाई आणि लॉर्ड कर्झनचं व्याख्यान

या मालेत आपण एखादा मजकूर घेतो आणि तो सावकाश वाचतो. आज आम्ही मजकूर म्हणून चक्क एक व्याख्यानच निवडलं आहे. २ नोव्हेंबर १९०७ रोजी ऑक्सफर्डला लॉर्ड कर्झन यांनी दिलेलं रोमानिस व्याख्यान. विषय होता ‘सीमा’. हिंदुस्थानचे व्हाइसरॉय म्हणून जवळजवळ सात वर्षं काढून, बंगालच्या मधोमध एक रेघ ओढून, १९०५च्या अखेरीस हे गृहस्थ मायदेशी परतले होते. म्हणजे सीमेवर बोलण्याचा अधिकार त्यांना होता, हे मान्य करूनच सुरुवात करू.

व्याख्यान उत्तम आहे, आधी तेही सांगून टाकतो. आपल्याकडे कर्झन म्हटलं की फाळणी आठवते आणि पुढचं वाचायची इच्छा राहत नाही. तसं करू नये. समुद्र, वाळवंट, डोंगर, नदी या नैसर्गिक सीमा. भिंती, तटबंद्या, अक्षांश-रेखांशावर ओढलेल्या रेघा या कृत्रिम सीमा. मग दोन बलाढ्यांच्या मध्ये ठेवलेली दुबळी राज्यं, संरक्षित प्रदेश, प्रभावक्षेत्रं – अशी सगळी मांडणी हा माणूस रोमन साम्राज्यापासून चीनपर्यंत हिंडत करतो. नदी ही सीमा म्हणून वाईट, कारण ती माणसं तोडण्यापेक्षा जोडते, असं एक फार शहाणपणाचं निरीक्षणही त्यात आहे. सीमेला त्यांनी वस्तऱ्याच्या धारेची उपमा दिली आहे. युद्ध आणि शांतता या धारेवर लटकलेली असतात, असा आशय. आम्हां तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना यावरून कठोपनिषद आठवणारच, पण तिथली धार आत्मज्ञानाच्या वाटेवरची आहे, कर्झनसाहेबांची परराष्ट्रखात्यातली.

आक्षेप कुठे आहे ते सांगतो. या व्याख्यानाचा एकूण रोख असा की सीमा हा ज्ञानाचा विषय आहे. पूर्वीची माणसं अडाणी होती, त्यांच्या सीमा धूसर होत्या, म्हणून भांडणं होत. आता शास्त्र आलं आहे. मुत्सद्दी आधी कागदावर तत्त्व ठरवतात, मग आयोग जातो, मोजणी होते, खांब रोवले जातात आणि भांडण मिटतं. हे म्हणणं खरं आहे का, हे पाहण्यासाठी त्याच्या शेजारी एक लढाई ठेवू. लढाईही अशी, की जी झाली तेव्हा सीमा-आयोग जवळच तंबू ठोकून बसला होता आणि त्याचे काही अधिकारी तर त्याच गावात होते.

गावाचं नाव पंजदेह. फारसीत पंज म्हणजे पाच, देह म्हणजे गाव. पाच गावं! पांडवांनी मागितलेली पाच गावं आपल्या मनात आल्यावाचून राहत नाहीत. फरक एवढाच की ती मागणारे आणि नाकारणारे एका घरातले होते. इथे घेणारे आणि राखणारे दोघेही बाहेरचे. गाव म्हणतो खरं, पण डोळ्यांपुढे वेस, पेठ, चावडी आणू नका. मुर्गाब नदीला कुश्क नदी मिळते, त्या भागातला हिरवा पट्टा, थोडी शेती, पुष्कळशी मेंढरं आणि नमद्याचे गोल तंबू. राहणारे सारिक तुर्कमेन. आज ही जागा तुर्कमेनिस्तानात आहे, तिला तख्तबाझार म्हणतात.

१८८४च्या फेब्रुवारीत रशियाने मर्व घेतलं. मर्वहून मुर्गाबच्या काठाकाठाने वर आलं की पंजदेह, आणि तिथून पुढे हेरातचा रस्ता. हेरात म्हणजे हिंदुस्थानचं दार, हे लंडनमध्ये तेव्हा शाळकरी पोरालाही पाठ असावं. त्यामुळे अमीर अब्दुर रहमान यांनी त्याच उन्हाळ्यात पंजदेहला फौज बसवली. इंग्रज आणि रशियन यांनी मिळून सीमा आखायची असं ठरलं. इंग्रजांच्या बाजूने सर पीटर लम्सडेन आले. रशियन आयुक्त आलेच नाहीत. आयोग आला, मोजणीची यंत्रं आली, आणि ज्याच्याशी मिळून मोजायचं तोच गैरहजर!

आता मूळ प्रश्न घेऊ : पंजदेह कुणाचं? इंग्रजांचं उत्तर, ते अफगाणांचं. कारण तिथले लोक हेरातच्या सत्तेला कर, चराईचे पैसे देत आले आहेत. रशियाचं उत्तर, ते आमचं. कारण तिथले लोक तुर्कमेन आहेत, बाकीचे तुर्कमेन आमच्या राज्यात आले आहेत, एका जमातीचे दोन तुकडे कशाला? याच सारिकांची योलोतानची शाखा आधीच रशियाकडे गेली होती.

दोन्ही विधानं खरी आहेत, हे लक्षात घ्या. कोणी खोटं बोलत नाही. पण न्यायशास्त्रात लक्षणाचे दोष सांगतात ना, त्यातली अतिव्याप्ती इथे दोन्हीकडे आहे. तुर्कमेन राहतात ते रशियाचं, हे लक्षण धरलं तर उत्तर अफगाणिस्तानातला मोठा पट्टा आणि इराणचा एक कोपराही रशियाला द्यावा लागेल. कर दिला तो प्रदेश त्या सत्तेचा, हे धरलं तर खुद्द हेरातवर इराणचा शहा हक्क सांगत होता, त्याचं काय? तो हक्क मोडून काढायला इंग्रजांनी १८५६-५७ साली आपल्या मुंबई इलाख्याची फौज बोटींतून बुशेहरला उतरवली होती. शिवाय सारिक पंजदेहला आले तेच मुळी १८५०च्या दशकात, मर्वमधून तेक्के तुर्कमेनांनी हुसकल्यावर. म्हणजे ज्यांच्या वहिवाटीवर एवढा वाद, ते तीस वर्षांपूर्वीचे निर्वासित. कर ते देत, पण ज्याचा जोर असेल त्याला. मेंढरं राखायची तर द्यावाच लागतो. त्याला राज्यनिष्ठा म्हणायचं असेल तर म्हणा.

कर्झनला इथे कुणीतरी विचारायला हवं होतं की, महाराज, यातलं कोणतं उत्तर शास्त्राने काढायचं? मोजणी होईल ती जमिनीची. पण कोणत्या निकषावर मोजायचं हे थिओडोलाइट सांगत नाही. आपल्याला हे परकं नाही. बेळगाव-कारवारच्या वादात खेडं हा घटक, भाषिक बहुमत, भौगोलिक सलगता, लोकेच्छा हे निकष धरा असं महाराष्ट्र सांगत आला, समोरची बाजू वेगळा निकष पुढे करत आली. वाद नकाशाचा दिसतो, असतो निकषाचा. आणि त्यातला ‘लोकेच्छा’ हा शब्द बघा. सारिकांना विचारावं असं कुणाच्या करारात आलं नाही. बरं, ही कल्पना तेव्हा जन्मली नव्हती असंही नाही. १८६० साली नीस आणि सॅव्हॉय फ्रान्सला जोडताना तिथल्या लोकांचं मत घेतलं होतं. ते कितपत खुलं होतं हा वेगळा मुद्दा, पण घ्यावं लागलं. युरोपात लोकांना विचारायचं आणि मुर्गाबच्या काठी कराच्या पावत्या बघायच्या, असा हा न्याय.

आता आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो त्या भागाकडे येतो. १८८५च्या मार्चमध्ये एक तात्पुरता समझोता झाला. अफगाण जर पुढे सरकले नाहीत आणि त्यांनी हल्ला केला नाही, तर रशियन फौजाही आहेत तिथून पुढे सरकणार नाहीत. पंजदेहमध्ये दंगाधोपा झाला तर मात्र गोष्ट वेगळी, अशीही एक पुस्ती होती. वाचायला किती सरळ! पण विचार करा, ‘पुढे’ म्हणजे कुठून पुढे? सीमा ठरलेली असेल तर पुढे आणि मागे या शब्दांना अर्थ. ती ठरायचीच आहे म्हणून तर समझोता करायचा. म्हणजे ज्या गोष्टीचा निर्णय व्हायचा तीच गृहीत धरून करार लिहिला गेला. तर्कशास्त्राच्या वर्गात याला आम्ही सिद्धसाधकाचा भाऊ म्हटलं असतं.

घडलं असं. कुश्क नदीच्या डाव्या तीरावर एक टेकाडासारखी जागा आहे. अफगाण फौज नदी ओलांडून तिथे जाऊन बसली. रशियन सेनापती कोमारोव म्हणाले, हे पुढे सरकणं झालं, समझोता मोडला. इंग्रज म्हणाले, ते त्यांच्याच मुलखात इकडचे तिकडे झाले, यात पुढे कसलं? कोमारोवने अफगाणांना निरोप धाडला, नदीच्या उजव्या तीरावर परत जा. अफगाण सेनापती गौसुद्दीन यांनी नकार दिला. अमीराच्या हुकमाशिवाय ते हलणार कसे? ३० मार्चच्या सकाळी रशियन फौज चालून आली. पहिली गोळी कुणाची? दोघेही म्हणतात, समोरच्याची.

लढाई म्हणून पाहायला गेलं तर ती फार वेळ चालली नाही. पावसाळी हवा होती. अफगाणांकडे ठासणीच्या बंदुका, दारू ओली झालेली. रशियनांकडे मागून काडतूस भरायच्या बेर्दान रायफली. संख्या अफगाणांची जास्त होती, तिचा उपयोग झाला नाही. अफगाण मागे हटले ते नदीवरच्या एकुलत्या एका अरुंद पुलाकडे, आणि तिथे गर्दीत मारले गेले. काही तुकड्या खंदकातच राहिल्या आणि तिथेच संपल्या. अफगाण मृतांचा आकडा पाचशेच्या वर सांगतात, रशियनांचे मेलेले आणि जखमी मिळून पन्नासच्या आत. गावात असलेले इंग्रज अधिकारी लढाईत पडले नाहीत. त्यांना तशी आज्ञाच नव्हती. ते हेरातच्या बाजूला निघून गेले. अब्दुर रहमान यांच्या नावावर जे इंग्रजी आत्मचरित्र आहे त्यात याबद्दल कडवट शब्द आहेत. त्या पुस्तकाचा पुढचा भाग त्यांच्या चिटणीसाच्या हातचा किती, याबद्दल अभ्यासकांना शंका आहेत. पण कडवटपणा खोटा वाटत नाही.

त्या पुलाबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. फारसीत त्याचं नाव पुल-इ-खिश्ती, म्हणजे विटांचा पूल. तुर्कमेन त्याला ताश-केप्री म्हणत आणि रशियनांनी तेच नाव उचललं. त्याचा अर्थ दगडी पूल. एकच पूल, एका भाषेत विटांचा, दुसरीत दगडाचा. इंग्रजी खलित्यांत पहिलं नाव, रशियन खलित्यांत दुसरं. दोन राजधान्यांत बसलेले मुत्सद्दी ‘अमुक पुलाजवळ’ असं लिहीत, तेव्हा आपण एकाच जागेबद्दल बोलतो आहोत एवढं कळायलाही नकाशा लागत असेल.

बातमी पसरली आणि जग हललं. लंडनचा शेअरबाजार कोसळला. पंतप्रधान ग्लॅडस्टन, ज्यांनी पाच-सहा वर्षांपूर्वी अफगाण युद्धाविरुद्ध गावोगाव भाषणं करून निवडणूक जिंकली, त्यांनीच पार्लमेंटकडे १ कोटी १० लाख पौंड मागितले, त्यातला मोठा वाटा रशियाविरुद्धच्या तयारीसाठी. ब्रिटिश आरमाराने एप्रिलमध्ये कोरियाजवळची पोर्ट हॅमिल्टन नावाची बेटं ताब्यात घेतली आणि ती १८८७ पर्यंत सोडली नाहीत. कोरियातल्या त्या कोळ्यांनी पंजदेहचं नाव कशाला ऐकलं असेल? ‘पुढे सरकणे’ या दोन शब्दांचा अर्थ कुणीतरी लावावा म्हणून डेन्मार्कच्या राजाला पंच नेमायचंही घाटत होतं. ते तसंच विरून गेलं. शब्दार्थासाठी राजा नेमायचा! मीमांसकांना हे ऐकून धन्य वाटलं असतं. कोमारोव यांना मात्र झारकडून सोन्याची तलवार मिळाली.

या सगळ्यात शांत डोक्याने विचार करणारा माणूस कोण, तर ज्याची माणसं मेली तो. अमीर अब्दुर रहमान त्याच वेळी रावळपिंडीला व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांच्या भेटीला आले होते. बातमी तिथेच आली. अमीर खवळतील, युद्ध मागतील, असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी मागितलं नाही. पंजदेहसाठी युद्ध झालं तर इंग्रजांची फौज मदतीला म्हणून अफगाणिस्तानात येईल, आणि आलेली फौज परत कधी जाईल याची खात्री नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. इंग्रज फौजा काबूल-कंदाहारमधून बाहेर पडून जेमतेम चार वर्षं झाली होती. मैवंदच्या लढाईत आपल्या मुंबई इलाख्यातले शिपाई कसे कापले गेले ते आपल्याकडे घराघरांत माहीत होतं, ती आठवण ताजी होती. अमीरांनी हिशेब केला : पंजदेह गेलं तर जाऊ द्या, झुल्फिकार खिंड आपल्याकडे राहिली पाहिजे. गाव देऊन खिंड राखली. १० सप्टेंबर १८८५च्या करारात तसंच झालं. उरलेली आखणी १८८७ पर्यंत चालली.

अमीर हे कनवाळू राज्यकर्ते नव्हते, हजारांहून हजार माणसांचे त्यांनी काय हाल केले हे इतिहासात आहे. त्यांना संत करायचं नाही. पण तीन पक्षांमध्ये ‘हे गाव कुणाचं?’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘या गावासाठी काय काय जाईल?’ हा प्रश्न विचारणारे तेच एक. सिंह आणि अस्वल यांच्यामधल्या बकरीची उपमा त्यांच्या नावावर प्रसिद्ध आहे. बकरीला सीमेचं तत्त्वज्ञान करायला सवड नसते, कुठून निसटायचं ते बघायचं असतं.

आता १९०७च्या व्याख्यानाकडे परत. पंजदेहचा करार झाला तेव्हा कर्झन सव्वीस वर्षांचे होते आणि त्या साली लॉर्ड सॅलिस्बरींच्या पदरी साहाय्यक खासगी सचिव होते. ज्यांच्या सरकारने सही केली, त्यांच्याच कचेरीतला हा तरुण. तीन वर्षांनी रशियाच्या नव्या रेल्वेने ते मर्व, बुखारा, समरकंद पाहून आले, पुस्तक लिहिलं. म्हणजे त्यांना माहिती नव्हती असं म्हणायला जागा नाही. तरी त्यांच्या मांडणीत लढाई ही शास्त्राच्या अपयशासारखी येते. शास्त्र पोहोचलं नव्हतं म्हणून लढले. आमचं म्हणणं उलट आहे. पंजदेहला शास्त्र वेळेवर पोहोचलं होतं. किंबहुना आयोग येणार, जो जिथे बसला आहे ते विचारात घेतलं जाणार, हे कळल्यामुळेच दोघांनीही फौजा पुढे रेटल्या. रेघ यायची होती म्हणून लढाई झाली. मोजणीदार येणार असं कळलं की बांध रात्रीतून सरकतो, हे आपल्या गावाकडच्या कोणाही शेतकऱ्याने कर्झनला सांगितलं असतं.

आणखी एक. सरहद्दीचं रक्षण म्हणजे घराचं रक्षण, अशा अर्थाचा एक विचार व्याख्यानाच्या सुरुवातीलाच येतो. घर कुणाचं? डोंगराकडे उन्हाळ्यात आणि नदीकाठी हिवाळ्यात जाणाऱ्या सारिकाचं घर तो उंटावर लादतो. त्याच्या घराला भिंत नाही, वाट आहे. रेघ ओढली की घर सुरक्षित होत नाही, दुभंगतं. कर्झनने शेवटी सीमेवरच्या आयुष्याचं फार रंगून वर्णन केलं आहे, पण ते तिथे घडणाऱ्या इंग्रज तरुणाचं. वाळवंटात, डोंगरात पौरुष कसं घडतं वगैरे. समोर ऑक्सफर्डचे विद्यार्थी होते, त्यांना ते आवडलंही असेल. मेंढपाळ त्या चित्रात मागच्या डोंगरासारखा आहे.

किंमत कुणी दिली हाही समीक्षेचाच भाग आहे. पंजदेहच्या धास्तीने हिंदुस्थानातली फौज सुमारे ३०,००० माणसांनी वाढवायचं ठरलं. व्हाइसरॉयच्या कौन्सिलातल्या ऑकलंड कोल्विन आणि कोर्टनी इल्बर्ट या दोघा सभासदांनी त्याविरुद्ध आपलं मत नोंदवलं. उपयोग झाला नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मुंबईत, गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत, काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. त्यात वाढत्या लष्करी खर्चाविरुद्ध स्वतंत्र ठराव आहे. पुढच्याच वर्षी प्राप्तिकर आला. त्याला ब्रह्मदेशच्या युद्धासारखी इतरही कारणं होती, पण पंजदेह हे त्यातलं एक. १८९७ साली गोपाळ कृष्ण गोखले वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला लंडनला गेले तेव्हाही या वाढीव फौजेचा खर्च हा मुद्दा होताच. मुर्गाबच्या काठावरल्या तंबूंचा आणि पुण्याच्या करदात्याचा संबंध आहे तो असा.

एक चिठ्ठी आली आहे, ती वाचतो. ‘पण सर, ती रेघ टिकली. म्हणजे कर्झन बरोबरच ठरले ना?’

चांगला प्रश्न आहे. टिकली, हे खरं. आजची तुर्कमेनिस्तान-अफगाणिस्तान सीमा जवळपास तीच आहे. झार गेला, सोव्हिएत संघ आला आणि गेला, रेघ राहिली. पंजदेहच्या दक्षिणेला, अगदी सीमेवर, कुश्का नावाचं ठाणं वसलं. १९७९च्या डिसेंबरात सोव्हिएत रणगाडे हेरातकडे निघाले ते तिथूनच. म्हणजे रेघ होती, तिने अडवलं मात्र कुणाला नाही. त्या कुश्काचं नाव आता सेरहेताबात. उच्चार बाजूला ठेवला तर आपल्याला ते सहज कळतं : सरहद्द-आबाद.

रेघ टिकली ती बरोबर होती म्हणून, की दोघा बलाढ्यांना त्या वेळी तीच सोयीची होती म्हणून? आम्हाला दुसरं उत्तर पटतं. बरोबर असती तर तिने तिथल्या माणसांचा प्रश्न सोडवला असता. तो सोडवला नाही, याला पुरावा आहे. १८९३ साली, म्हणजे खांब रोवून पाच-सहा वर्षं झाली न झाली तोच, कुश्क नदीच्या पाण्यावरून तक्रार उभी राहिली. वरच्या अंगाला अफगाण हद्दीतले शेतकरी पाट काढून पाणी घेत, खाली रशियन हद्दीत ते कमी पडे. पुन्हा अधिकारी गेले. इंग्रजांकडून गेले ते कर्नल येट, म्हणजे १८८५ साली लढाईच्या दिवशी पंजदेहला होते तेच. नदी सीमा म्हणून वाईट, असं कर्झनने लिहिलंय ना? ती सीमा ओलांडून वाहिली तरी वाईटच ठरते, हे त्या पाटावरच्या माणसांना चौदा वर्षं आधी कळलं होतं.

वेळ झाली आहे. उरलेल्या चिठ्ठ्या पुढच्या खेपेला घेऊ.